ऊन दुप्पट, तरी वीज महागच : सौर विजेचे तक्ते छापणाऱ्यांना आणि कर्ज देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वेगवेगळ्या प्रदेशांतल्या सौर विजेच्या खर्चाचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय ऊर्जासंस्था,
आणि तेच तक्ते पुढ्यात ठेवून कर्जाचा निर्णय घेणाऱ्या विकास बँका

स.न.वि.वि.

गेली चौदा वर्षं मी छोट्या सौर प्रकल्पांचे हिशेब मांडते. पॅनेल किती, बॅटरी किती, कर्ज किती, हप्ता किती, आणि सगळं झाल्यावर एक युनिट वीज कितीला पडेल, एवढंच माझं काम. गेल्या महिन्यात एका बँकेकडून आमची एक फाइल परत आली. प्रकल्प एका आरोग्य केंद्राचा. तारांची वीज तिथे पोहोचलेली नाही, आणि लशींचा फ्रिज जनरेटरवर चालतो. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना पुन्हा त्याच बँकेच्या दारात जायचं आहे.

फाइलच्या समासात एक ओळ होती : ‘प्रति युनिट खर्च जागतिक सरासरीशी विसंगत. फेरविचार व्हावा.’ शेजारी पेन्सिलने ४.४ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला होता. आमचा आकडा होता ३४ सेंट.

तो ४.४ कुठून आला हे लगेच ओळखलं. २०२३ साली जगभरात सुरू झालेल्या मोठ्या सौर प्रकल्पांचा सरासरी खर्च युनिटला सुमारे साडेचार अमेरिकी सेंट, हा आयरेनाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या, अहवालातला आकडा. दोन दिवस मी नुसती चिडून होते. तिसऱ्या दिवशी आमचा तक्ता उघडला आणि व्याजदराच्या चौकटीत गेले. तिथे १४ टक्के होते. हा दर आम्ही मनाने धरलेला नव्हता. ज्या बँकेने फाइल परत केली, तिनेच तो आधीच्या पत्रात कळवला होता. मी १४ खोडून ४ टाकला. बाकी काहीही बदललं नाही, पॅनेल तेच, बॅटरी तीच, ऊन तेच. खालच्या चौकटीतले ३४ सेंट २१ वर आले.

म्हणून हे पत्र.

आधी जे मान्य करायला हवं ते करते. २०१० ते २०२३ या काळात मोठ्या सौर प्रकल्पांच्या विजेचा सरासरी खर्च सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरला, हे जगाला तुमच्या मोजणीमुळे कळलं. मी या कामात आले तेव्हा सौर वीज म्हणजे हौशी लोकांचा खेळ असं तोंडावर सांगणारे इंजिनिअर भेटायचे. त्यांना गप्प करायला मी तुमचेच आलेख वापरले आहेत. तक्रार आहे ती प्रदेशांच्या तुलनेबद्दल. त्या रंगीत नकाशांवर एका प्रदेशावर गडद ठिपका असतो, दुसऱ्यावर फिकट, आणि वाचणाऱ्याची समजूत होते की आपण उन्हाचा आणि यंत्रांचा फरक पाहतो आहोत.

पहिली तक्रार हीच. या नकाशांत ऊन थोडं आणि व्याज फार आहे.

जागतिक बँकेने २०२० मध्ये देशोदेशीच्या सौर क्षमतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत वर नामिबिया आणि तळाला आयर्लंड. या दोघांत फरक किती, तर दुपटीहून थोडा जास्त. म्हणजे जगातला सगळ्यात उजेडी देश आणि सगळ्यात ढगाळ देश घेतला तरी एकाच पॅनेलमधून वर्षाला मिळणारी वीज फार तर दुप्पट-सव्वादोनपट. आणि कडक उन्हात पॅनेल तापतं तेव्हा अंशागणिक ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. उन्हात त्याचं तापमान ६५ वर गेलं की बारा ते सोळा टक्के तिथेच गळतात. वरून धूळ. वाळवंट म्हणजे फुकटचं सोनं असं मानणाऱ्यांनी दुपारी एकदा पॅनेलच्या पाठीला हात लावून पाहावा.

आता व्याजाकडे या. सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही, त्यामुळे जवळपास सगळा पैसा पहिल्या दिवशी घालावा लागतो आणि पुढची पंचवीस वर्षं तो फेडत बसावं लागतं. कोळशाच्या किंवा गॅसच्या वीजघराचा मोठा खर्च रोजच्या इंधनाचा असतो, तो रोज कमावून रोज भागवता येतो. इथे तसं नाही. म्हणून व्याजदराचा फटका सौर विजेला जितका बसतो, तितका गॅसच्या विजेला बसत नाही.

अगदी सोपं उदाहरण घेते. आकडे मी हिशेबापुरते धरलेले आहेत, कोणीही कागदावर करून पाहावं. एक किलोवॉटच्या प्रकल्पाला ७०० डॉलर लागले, वर्षाची देखभाल १३ डॉलर, आयुष्य पंचवीस वर्षं. ढगाळ उत्तरेकडच्या देशात तो वर्षाला १०५० युनिट देईल. पैसा ४ टक्क्यांनी मिळाला, तर वर्षाचा हप्ता ४५ डॉलरच्या आसपास आणि वीज पडते साडेपाच सेंट युनिट. हाच प्रकल्प उचलून भरपूर उन्हाच्या देशात ठेवा. आता वर्षाला २००० युनिट मिळतील. पण पैसा १२ टक्क्यांनी, म्हणून हप्ता ८९ डॉलर. वीज पडते ५.१ सेंट. ऊन जवळपास दुप्पट, आणि हातात पडला तो अर्ध्या सेंटचाही नसलेला फरक. त्याच उन्हाच्या देशाला ४ टक्क्यांनी पैसा मिळाला असता तर वीज २.९ सेंटला पडली असती. सातशे डॉलरच्या यंत्रापोटी पहिल्याने पंचवीस वर्षांत ११२० डॉलर फेडले, दुसऱ्याने २२३१.

४ आणि १२ हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. आयरेनाच्याच अलीकडच्या अहवालात भांडवलाचा दर, म्हणजे पैसा किती टक्क्यांनी मिळतो तो, युरोपात ३.८ टक्के आणि आफ्रिकेत १२ टक्के धरलेला आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, म्हणजे आयईए, हिने २०२१ मध्ये गुंतवणूक ठरलेल्या प्रकल्पांबद्दल सांगितलं आहे की उदयोन्मुख देशांत सौर विजेच्या खर्चातला जवळपास अर्धा भाग भांडवलाच्या खर्चाचा असतो, प्रगत देशांत आणि चीनमध्ये तो पंचवीस ते तीस टक्के. म्हणजे तुम्हाला हे ठाऊक आहे, तुम्हीच ते लिहिलं आहे. पण ते लिहिता आतल्या प्रकरणात, परिशिष्टात, तळटिपेत. पहिल्या पानावरच्या नकाशावर फक्त सेंट असतात. आणि समासात शेरा मारणारा माणूस पहिलंच पान पाहतो.

आणखी एक खटकतं. आयरेनाने बरीच वर्षं सगळ्या जगासाठी दोनच दर वापरले, श्रीमंत देशांना आणि चीनला ७.५ टक्के, उरलेल्यांना १०. पुढे ते बदलले, ही चांगलीच गोष्ट. पण जुन्या मालिकेतला आणि नव्या मालिकेतला एखाद्या प्रदेशाचा आकडा शेजारी ठेवला, तर खर्च खरंच उतरला की फक्त गृहीतक बदललं, हे सामान्य वाचकाला कसं कळणार?

दुसरी तक्रार लिलावांच्या विक्रमांबद्दल. या लिलावांत सगळ्यात कमी दराने वीज विकायला तयार होणारा जिंकतो. २०२० मध्ये अबू धाबीच्या अल धफ्रा प्रकल्पाला १.३५ सेंटची बोली आली. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या शुऐबाला १.०४. मधल्या काळात पोर्तुगालमध्ये १.११ युरो सेंट. प्रत्येक वेळी मथळा एकच : सौर विजेची नवी नीचांकी किंमत. आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे आलेला कोणीतरी विचारतो, ‘त्यांना एका सेंटला पडते, मग तुमचीच एवढी महाग कशी?’

बोली म्हणजे किंमत नव्हे, आणि किंमत म्हणजे खर्च नव्हे. अबू धाबीच्याच स्वैहान प्रकल्पाचं पाहा. २०१६ मध्ये २.४२ सेंट हा आकडा जगभर गाजला. करारात मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत १.६ पट दर द्यायचा होता, कारण वातानुकूलनाची मागणी तेव्हाच असते. वर्षभराची सरासरी धरली तर दर तीन सेंटच्या जवळ जातो. यात लबाडी काही नाही, करार शहाणपणाचाच आहे. पण मथळ्यात आला तो २.४२. पोर्तुगालचा दर पंधरा वर्षांसाठीच होता आणि ती बोली दहा मेगावॉटच्या एका तुकड्याला होती. पंधरा वर्षांनी वीज बाजारभावाने विकायला प्रकल्प मोकळा. तिथे खरी ओढ होती ग्रिडला जोडणी मिळण्याची, आणि ती जोडणी पदरात पाडून घ्यायला लोक पहिली काही वर्षं जवळपास फुकट वीज द्यायला तयार झाले. आखातात जमीन सरकारी, वीज घेणारी कंपनी सरकारी, आणि ती पैसे बुडवेल अशी भीती कोणत्याही बँकेला नाही. शुऐबाच्या १.०४ मध्ये वाळवंटाइतकाच त्या सरकारच्या पतपात्रतेचाही वाटा आहे.

तिसरी तक्रार चलनाची, आणि ही मला सगळ्यात जास्त बोचते. २०१६ मध्ये जागतिक बँक गटाच्या स्केलिंग सोलर कार्यक्रमात झांबियात लिलाव झाला. ६.०२ सेंटचा दर आला, पंचवीस वर्षं न वाढणारा. आफ्रिकेसाठी तो तेव्हा मोठा विक्रम होता आणि त्याचं कौतुक रास्तच होतं. (त्याच वर्षी दुबईत २.९९ चा दर आला. झांबियाचं ऊन दुबईच्या निम्मं नक्कीच नाही.) ‘न वाढणारा’ हा शब्द मात्र पुन्हा वाचा. दर डॉलरमध्ये ठरला होता. २०१६ मध्ये एका डॉलरला दहाच्या आसपास क्वाचा पडायचे, २०२४ मध्ये पंचवीसच्या वर. मधल्या २०२० मध्ये त्या देशाने परकीय रोख्यांचे हप्ते थकवले. तुमच्या तक्त्यात झांबियाचा आकडा आठ वर्षं जागचा हलला नाही. क्वाचात पगार घेणाऱ्यासाठी मात्र त्याच विजेची किंमत अडीच पट झाली. चलन घसरण्याचा सगळा धोका वीज वापरणाऱ्याच्या डोक्यावर, आणि तक्ता म्हणतो : स्थिर दर.

चौथी तक्रार थोडक्यात. ‘आफ्रिका’ ही तक्त्यातली एक ओळ असू शकत नाही. पन्नासहून अधिक देशांची, भिन्न चलनांची, भिन्न ग्रिडांची ती सरासरी कोणाच्याच कामाची नाही. श्रीमंत देशांतही प्रदेशाच्या नावाने काही कळत नाही. अमेरिकेत घराच्या छपरावरचा सौर संच ऑस्ट्रेलियातल्या संचाच्या दुपटीहून महाग पडतो. छप्पर दोन्हीकडे छप्परच. फरक परवानग्यांचा, आयात शुल्काचा आणि गिऱ्हाईक मिळवायला फिरणाऱ्या विक्रेत्यांच्या खर्चाचा. ऑस्ट्रेलियात जवळजवळ दर तिसऱ्या घरावर पॅनेल आहे, ते काही तिथे ऊन जास्त म्हणून नव्हे; अमेरिकेच्या नैर्ऋत्येलाही ऊन रग्गड आहे.

पाचवी तक्रार रात्रीची. लशींच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत राहावं लागतं, पहाटे तीनलासुद्धा. फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असतो आणि नर्स दिवसातून दोनदा त्यावर आकडा लिहिते. मी पाहिलेल्या कागदावर एका आठवड्यात तीन सकाळी ११ लिहिलेलं होतं, तीनही वेळा जनरेटरचं डिझेल संपलेलं. तुमचे ४.४ सेंट हे दुपारच्या विजेचे आहेत, आणि तेही ग्रिडमध्ये सोडलेल्या. चोवीस तास वीज हवी तर काय लागतं ते अबू धाबीनेच दाखवलं आहे : २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या प्रकल्पात अखंड एक गिगावॉट मिळावा म्हणून ५.२ गिगावॉटची पॅनेल आणि १९ गिगावॉट-तासांची बॅटरी आहे. आमच्या ३४ सेंटमध्ये बॅटरी आहे, ती आठ वर्षांनी बदलण्याचा खर्च आहे, आणि रस्ता संपल्यावर पुढे सामान नेण्याचाही. त्याची तुलना ४.४ शी करणं म्हणजे शेतातल्या कणसाच्या भावाशी ताटातल्या भाकरीचा भाव ताडून पाहणं.

तुलना करायचीच तर ती जनरेटरशी करा. छोट्या जनरेटरला एका लिटर डिझेलमागे जेमतेम तीन युनिट मिळतात. तिथवर पोहोचवलेलं डिझेल लिटरला दीड डॉलरला पडतं. म्हणजे नुसत्या इंधनाचे पन्नास सेंट झाले, दुरुस्ती वेगळीच. हा हिशेब आमच्या फाइलच्या सहाव्या पानावर होता. तिथे पेन्सिल पोहोचली नाही.

आता बँकांना थेट.

तुम्ही व्याज जास्त लावता कारण धोका जास्त आहे, हे मला मान्य आहे. सरकारी वीज कंपनी सहा-सहा महिने बिलं थकवते असे देश आहेत, मी त्यांच्या कार्यालयांत बसून वाट पाहिलेली आहे. पण धोका किती, हे कोण ठरवतं? तुम्ही विकास बँकांनी मिळून २००९ पासून जेम्स नावाने कर्जं बुडण्याची आणि वसुलीची माहिती गोळा केली आहे. बरीच वर्षं त्यातली फारच थोडी बाहेर आली. २०२४ पासून जरा अधिक दिसू लागली. ती सगळी आणि देशवार का दिसत नाही? धोक्याचा अंदाज तुमचा, पुरावा तुमच्याच कपाटात, आणि व्याज भरायचं आम्ही. त्या व्याजाने वीज महाग होते, ती महाग झालेली वीज तक्त्यात छापली जाते, आणि तो तक्ता दाखवून तुम्हीच सांगता की या प्रदेशात सौर वीज परवडत नाही.

याचा परिणाम कुठे दिसतो, तोही आयईएने २०२२ मध्ये नोंदवून ठेवला आहे : जगातल्या उत्तम सौर क्षमतेपैकी साठ टक्के आफ्रिकेत, आणि बसवलेल्या सौर प्रकल्पांपैकी एक टक्का.

मागण्या सांगते. तक्ते छापणाऱ्यांनी सेंटच्या शेजारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत व्याजदर छापावा. दुसरा एक रकाना द्यावा, ज्यात सगळ्या प्रदेशांना एकच दर लावलेला असेल. मग ऊन, मजुरी आणि यंत्रं यांचा फरक किती आणि पैशाचा किती, हे शाळकरी पोरालाही दिसेल. एकाच दराचा रकाना फसवा ठरेल, कारण तसा दर प्रत्यक्षात कुणाला मिळत नाही, अशी हरकत मी ऐकली आहे. म्हणूनच तर दोन रकाने मागते.

लिलावाचा दर छापताना त्यासोबत कराराची वर्षं, चलन, महागाईशी जोडणी आहे की नाही, ऋतूनुसार पट, आणि जमीन व जोडणीचा खर्च कोणाच्या माथी, एवढं द्यावं. ग्रिडला न जोडलेल्या, बॅटरीसह प्रकल्पांचा तक्ता वेगळा काढावा आणि त्यात डिझेलचा रकाना असावा. गृहीतकं बदलली की जुने आकडे नव्या गृहीतकांनी पुन्हा काढून शेजारी ठेवावेत.

बँकांनी देशवार, क्षेत्रवार बुडीत कर्जांची माहिती खुली करावी. छोट्या प्रकल्पांना त्या-त्या देशाच्या चलनात कर्ज द्यावं आणि चलनाच्या घसरणीचा धोका वाटून घ्यावा. विनिमयाचा धोका पेलण्यासाठी टीसीएक्ससारखा निधी २००७ पासून चालू आहे. म्हणजे व्यवस्था अस्तित्वात आहे, ती छोट्यांना परवडेल अशी करायची आहे. आणि जागतिक सरासरीच्या आधारावर कोणाचीही फाइल परत करू नये. परत करायचीच असेल, तर तुमच्या व्याजाने त्या आकड्यात किती भर पडली, तेही समासात लिहावं.

आमची फाइल आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवतो आहोत. या वेळी पहिल्या पानावर चार आकडे आहेत : १४ टक्क्यांनी ३४ सेंट, ४ टक्क्यांनी २१ सेंट. पेन्सिलने गोल करायचाच असेल, तर कृपया १४ भोवती करावा.

कळावे,

आपली विश्वासू,
छोट्या प्रकल्पांचे हिशेब मांडणारी एक